एकाचे दोन दिसणे : नेत्रचालक नाडींचा घात, त्याचे निदान व वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

शालाक्यतंत्राला आपल्या शास्त्रात मोठे स्थान आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनी केला व त्यांची संख्या ७६ सांगितली. वाग्भटाचार्यांनी ती ९४ पर्यंत नेली. नित्य व्यवसायात मात्र आपणाकडे येणारे नेत्ररुग्ण बहुधा अभिष्यंदाचे, तिमिराचे अथवा मोतीबिंदूचे असतात. नेत्रगोलकाची हालचालच मंदावणे वा थांबणे हा विकार त्या मानाने विरळ आहे. विरळ असल्यामुळे तो समोर आला की ‘वाताचा झटका’ या एका शब्दात त्याची बोळवण होते.

‘एकाचे दोन दोन दिसून रायले’, ‘पापणी पडली’, ‘डोया वाकडा झाला’ अशा शब्दांत आपला वऱ्हाडी रुग्ण ही व्यथा सांगतो. या तक्रारीमागे तीन महिन्यांत आपोआप बरा होणारा विकार असू शकतो, तसाच सूर्योदयापूर्वी प्राण घेणाराही असू शकतो. या दोहोंतील भेद दवाखान्यातल्या दवाखान्यात, टॉर्च व हाताचे बोट एवढ्या सामग्रीवर, पुष्कळ अंशी करता येतो. तो कसा करावा आणि त्यानंतर आयुर्वेदीय चिकित्सेला कोठे अवकाश आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शारीर विचार

प्रत्येक नेत्रगोलकाला सहा पेशी फिरवितात. या पेशींना तीन शीर्षण्य नाडींकडून, म्हणजे तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या क्रेनियल नर्व्हकडून, चेष्टा मिळते.

तिसरी नाडी चार पेशींना चालना देते. याखेरीज वरची पापणी उचलणारी पेशी व बाहुली आकुंचित करणारे सूक्ष्म तंतू हेही तिच्याच अधीन आहेत. तिचा पूर्ण घात झाला असता पापणी गळते, डोळा बाहेर व खाली वळून राहतो आणि बाहुली विस्फारते. चौथी नाडी सर्वांत बारीक असून मस्तिष्ककांडाच्या मागील बाजूने निघणारी ती एकच शीर्षण्य नाडी आहे. ती एकाच तिरक्या पेशीला चालविते. तिच्या घातात एक प्रतिमा वर व एक खाली दिसते. जिना उतरताना अथवा वाचताना त्रास वाढतो आणि रुग्ण मान निरोगी बाजूस कलती ठेवतो. सहावी नाडी डोळा बाहेरच्या बाजूस नेते. तिच्या घातात प्रतिमा शेजारीशेजारी दिसतात. दूरच्या वस्तूकडे व विकृत बाजूकडे पाहताना त्या अधिक फाकतात.

ग्रंथोक्त विचार

एका वस्तूच्या दोन दिसण्याचा उल्लेख सुश्रुतसंहितेत तृतीय पटलगत दोषांच्या वर्णनात येतो. दृष्टीच्या मध्यभागी दोष स्थित असता रुग्ण एकाला दोन मानतो, असा त्याचा आशय आहे. हे वर्णन दृष्टिमंडलातच असलेल्या विकृतीचे आहे. मोतीबिंदूच्या आरंभी एकाच डोळ्याने दोन प्रतिमा दिसतात, त्याच्याशी ते अधिक जुळते. नाडीघातातील द्विधादर्शन दोन डोळ्यांचा मेळ बिघडल्यामुळे होते व कोणताही एक डोळा झाकताच नाहीसे होते. म्हणून प्रत्येक द्विधादर्शन तिमिरात ढकलणे ग्रंथाशीही सुसंगत नाही.

पापणीच्या विकृतीबाबत वातहत वर्त्म हा व्याधी आपण शिकलो आहोत. त्यात वर्त्म निश्चेष्ट होऊन मिटत नाही, असा पाठ प्रचलित आहे. व्यवहारात मात्र गळून पडलेल्या पापणीलाही हेच नाव दिले जाते. येथे सावध राहावे. पापणी मिटत नसेल तर सातव्या नाडीचा, अर्थात अर्दिताचा विचार करावा; पापणी उघडत नसेल तर तिसऱ्या नाडीचा. दोघांचे कारण, गांभीर्य व मार्ग वेगळे आहेत. सुश्रुताचार्यांनी वातज नेत्ररोगांपैकी हताधिमंथ, निमिष, गंभीरिका व वातहत वर्त्म हे असाध्य गणले आहेत, हेही स्मरणात असावे. साध्यासाध्यता आधी सांगून मग चिकित्सेला हात घालण्याची आपली परंपरा आहे. या विकारात तिचे पालन विशेष कटाक्षाने झाले पाहिजे.

दवाखान्यातील परीक्षण

पुढील क्रम पाच मिनिटांत पूर्ण होतो.

१. एक डोळा झाकावा, मग दुसरा. कोणताही डोळा झाकल्यावर एकच प्रतिमा दिसत असेल तर नेत्रचालनाचा विकार समजावा. एकाच डोळ्याने दोन दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडून त्या डोळ्याची तपासणी करून घ्यावी.

२. रुग्णाची मान स्थिर ठेवून बोट सहा दिशांना फिरवावे. कोणता डोळा कोठे अडतो व प्रतिमा कोणत्या दिशेला सर्वाधिक फाकतात, याची नोंद करावी.

३. मंद प्रकाशात व टॉर्चच्या प्रकाशात दोन्ही बाहुल्या ताडून पाहाव्यात. ही पायरी कधीही वगळू नये.

४. पापणी मोजावी. रुग्णास एक मिनिट सतत वर पाहण्यास सांगावे. पापणी हळूहळू उतरू लागली अथवा सायंकाळी विकार वाढतो असा इतिहास मिळाला, तर मायस्थेनिया ग्रेव्हिसचा संशय घ्यावा. बंद पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्यानंतर पापणी स्पष्टपणे वर गेली तर संशय बळावतो. या व्याधीत नाडी शाबूत असते; नाडी व पेशी यांच्या संधिस्थानी दोष असतो. गिळण्यास वा श्वासास त्रास असेल तर विलंब करू नये.

५. प्रत्येक डोळ्याची दृष्टी, कपाळ व गाल यांची संवेदना, मानेचा ताठपणा, चालण्याचा तोल, रक्तदाब व रक्तशर्करा तपासावी. नाक व टाळू टॉर्चने पाहावेत.

बाहुलीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. बाहुलीचे तंतू तिसऱ्या नाडीच्या पृष्ठभागालगत असतात. बाहेरून दाब पडला की ते लवकर बाधित होतात. मधुमेहात नाडीच्या अंतर्भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, त्यामुळे बाहुली बहुधा वाचते. म्हणून पापणी गळली, डोळा फिरेना आणि बाहुली विस्फारलेली आहे, विशेषतः सोबत तीव्र शिरःशूल आहे, अशा रुग्णाच्या मेंदूच्या रोहिणीवर फुगा आला असावा असे गृहीत धरावे. तो फुटल्यास मृत्यू ओढवतो. त्याच दिवशी सीटी वा एमआर अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी रवानगी करावी. घात अपूर्ण असेल तर बाहुली ठीक दिसली तरी निश्चिंत राहू नये. चित्र दुसऱ्या दिवशी बदलू शकते.

वऱ्हाडात आढळणारी कारणे

ग्रंथ व पाठ्यपुस्तके यांतील कारणांची यादी मोठी आहे. अमरावती व अकोला परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याने पुढील कारणे प्रथम डोळ्यांपुढे आणावीत.

प्रमेह. पन्नाशीपुढील मधुमेही वा उच्च रक्तदाबाचा रुग्ण, भुवईभोवती वेदना, एकाएकी द्विधादर्शन, बाहुली निर्दोष, अन्य कोणतेही लक्षण नाही, असे चित्र नेहमीचे आहे. पुष्कळदा मधुमेहाचे निदानच या निमित्ताने होते. यातील बहुसंख्य रुग्ण ८ ते १२ आठवड्यांत सुधारतात.

सर्पदंश. मण्यार रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते. दंशाची खूण दिसतेच असे नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होतात, दोन दिसू लागते, गिळता येईनासे होते व शेवटी श्वास थांबतो. खरीप हंगामात निरोगी माणूस सकाळी दोन्ही पापण्या गळलेल्या अवस्थेत आला तर अन्य काही सिद्ध होईपर्यंत सर्पदंशच मानावा. नागाच्या दंशातही हीच लक्षणे होतात, मात्र तेथे स्थानिक सूज व वेदना असतात. प्रतिविष आणि वेळेवर मिळणारा कृत्रिम श्वास हीच जीवनदायी चिकित्सा होय. निओस्टिग्मिन व अॅट्रोपिन यांचा उपयोग नागदंशात चांगला, मण्यारदंशात बेभरवशाचा आहे. केंद्र शासनाने २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या उद्दिष्टाची पहिली पायरी खेड्यातील दवाखान्यातच आहे.

फवारणीचे विष. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांच्या मृत्यूंनी सारा विदर्भ हादरला. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत आरंभी लाळ, घाम, उलटी व बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणे सर्वांना परिचित आहेत. त्यातून सावरल्यासारखा वाटणारा रुग्ण १ ते ४ दिवसांत पुन्हा ढासळू शकतो. मान उचलता येत नाही, डोळ्यांची हालचाल व पापण्या मंदावतात, श्वास उथळ होतो. श्रीलंकेतील चिकित्सकांनी १९८७ मध्ये याचे वर्णन ‘इंटरमिजिएट सिंड्रोम’ या नावाने केले. म्हणून फवारणीनंतर घरी परतलेल्या रुग्णास चार दिवस नजरेखाली ठेवावे व ‘उशीवरून मान उचला’ ही साधी परीक्षा दररोज करावी.

कवटीतील दाब. सहावी नाडी अशा दाबात सहज बाधित होते. ज्वर, शिरःशूल, उलटी व मानेचा ताठपणा असलेल्या तरुणात वा बालकात क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ, आणि प्रसूतीनंतरच्या शिरःशूलात मेंदूच्या सिरांमधील रक्त गोठणे, यांचा विचार करावा. दुचाकीच्या अपघातात डोके आपटल्यावर चौथी वा सहावी नाडी दुखावू शकते.

मद्यपान व उपासमार. अति मद्यपी अथवा दीर्घकाळ उलट्या होणाऱ्या रुग्णात डोळे अडणे, तोल जाणे व बुद्धिभ्रम ही लक्षणे थायमिनच्या अभावाने होतात. अशक्तपणा म्हणून थेट ग्लुकोजची सलाइन लावण्याचा आपल्याकडचा प्रघात येथे घातक ठरतो. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर, हा क्रम पाळावा व रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

२०२१ ची शिकवण

कोविडच्या दुसऱ्या लाटेचा प्रारंभिक तडाखा अमरावती विभागाला बसला. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती व अचलपूर येथे आठवड्याची टाळेबंदी लागली. अकोल्यातही निर्बंध आले. त्यानंतरच्या महिन्यांत राज्यभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. २० मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने साथरोग अधिनियम १८९७ अन्वये हा रोग अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली. अॅम्फोटेरिसिन औषधासाठी नातेवाइकांनी शहरोशहरी केलेली धावपळ आपण सर्वांनी पाहिली.

ही बुरशी नाकातून सायनसमध्ये व तेथून नेत्रगुहेच्या टोकाशी पोहोचते. त्या अरुंद जागेतून तिन्ही नेत्रचालक नाडी, पाचव्या नाडीची पहिली शाखा व दृष्टिनाडी एकत्र जातात. म्हणून पापणी गळणे, डोळा सर्व दिशांना अडणे, कपाळ बधिर होणे व दृष्टी जाणे असा समूह दिसतो. अनियंत्रित रक्तशर्करा व स्टेरॉइडचा अतिरेक ही तिची सुपीक भूमी होती. कोविडची लाट ओसरली, मधुमेह ओसरलेला नाही. त्यामुळे हा रोग आजही अधूनमधून भेटतो. मधुमेही रुग्णात एका बाजूचे नाक बंद, गालावर सूज वा बधिरता, दात हलणे, नाकात अथवा टाळूवर काळा डाग आणि त्यासोबत द्विधादर्शन, असे आढळल्यास एक दिवसही दवडू नये.

या रोगाने पंचकर्म करणाऱ्या वैद्यास एक धडा दिला. नवप्रतिश्यायात नस्य निषिद्ध आहे, हे चरकाचार्यांनी सांगून ठेवलेच आहे. मधुमेही रुग्णाचे नाक तपासल्याविना ‘वात आहे’ म्हणून नस्य देणे सर्वथा वर्ज्य मानावे.

पाठवणी

अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय व डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पुढील मार्ग नागपूर वा सेवाग्रामचा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. मेळघाटातून वा दर्यापूर-तेल्हाऱ्याकडून रुग्ण पाठविताना आरंभाची वेळ, बाहुल्यांची स्थिती, रक्तशर्करा व दिलेली औषधे एका चिठ्ठीवर लिहून द्यावीत. ‘वातव्याधी’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या कामी येत नाही.

चिकित्सा

कारण निश्चित होऊन प्राणभय टळल्यानंतर, मुख्यतः प्रमेहजन्य घातात व अपघातोत्तर अवस्थेत, आयुर्वेदीय चिकित्सेचे क्षेत्र सुरू होते. सर्वप्रथम रुग्णाचा त्रास हलका करावा. एक डोळा आळीपाळीने झाकल्यास घेरी व गोंधळ थांबतो. वाहन चालविणे, विहिरीवर वा थ्रेशरवर काम करणे वर्ज्य सांगावे. आठ वर्षांखालील बालकात डोळा झाकणे नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावे.

चरकाचार्यांनी अर्दितात नावन, मूर्ध्नि तैल, तर्पण, नाडीस्वेद व उपनाह सांगितले आहेत. त्या सूत्राचा येथे विवेकाने उपयोग करता येतो. स्थूल, कफमेदप्रधान प्रमेहीत आरंभीच भरपूर स्नेहन न करता दीपन, पाचन, आहारनियंत्रण व प्रमेहघ्न योजना करावी. रुग्णाची चालू असलेली मधुमेहाची औषधे परस्पर बंद करू नयेत. नाक निर्दोष असल्याची खात्री झाल्यावर अणुतैल वा क्षीरबला तैलाचे अल्प मात्रेत प्रतिमर्श नस्य, शिरोभ्यंग, शिरोपिचू हे उपक्रम योजावेत. मधुमेही हा स्वेदनास अयोग्य गणला आहे व नेत्रस्थानी स्वेद अत्यंत मृदू हवा. बधिर त्वचेवर गरम पोटलीने भाजल्याचे लवकर कळत नाही. तर्पणासाठी जीवंत्यादी वा महात्रिफला घृत वापरले जाते. तथापि नेत्रातील उपद्रव शांत झाले नसताना तर्पण प्रशस्त नाही, हे सुश्रुताचार्यांचे वचन येथे कळीचे आहे. लाली, वेदना, सूज अथवा दृष्टिमांद्य असताना तर्पण करू नये.

तीन महिन्यांत सुधारणा न झाल्यास, मध्येच बाहुली बदलल्यास अथवा दुसरी नाडी बाधित झाल्यास मस्तिष्काची प्रतिमा पुन्हा घेण्यास सांगावे. सहा महिने स्थिती स्थिर राहिल्यावर प्रिझमचा चष्मा वा तिरळेपणाची शस्त्रक्रिया हे पर्याय नेत्रतज्ज्ञांकडे उपलब्ध आहेत.

बारा आठवड्यांचा प्रश्न

येथे एक अप्रिय परंतु आवश्यक मुद्दा मांडणे प्राप्त आहे. प्रमेहजन्य घात बहुतांशी स्वभावतःच बरा होतो. अशा रुग्णास दुसऱ्या आठवड्यात नस्य सुरू केले व दहाव्या आठवड्यात डोळा सरळ झाला, तर श्रेय कोणाचे? रुग्ण ते वैद्यास देतो, वैद्य तैलास देतो. वस्तुतः याचा निर्णय एका रुग्णावरून होऊच शकत नाही. असे दहा यशस्वी रुग्ण सांगणाऱ्याच्या हाती अकरावा रुग्ण फुगा घेऊन येतो, तेव्हा पूर्वीचे यशच त्याची दिशाभूल करते.

यावर उपाय नोंदींचा आहे. सर्व सभासदांनी अशा प्रत्येक रुग्णाची आरंभतिथी, कोणती नाडी, बाहुली, रक्तशर्करा व एचबीएवनसी, नऊ दिशांना पाहतानाची छायाचित्रे आणि दर दोन आठवड्यांची स्थिती रुग्णाच्या संमतीने नोंदवावी. उपचार केलेले व केवळ शर्करानियंत्रण केलेले, असे दोन्ही गट समोर आले तरच आपली चिकित्सा बरे होण्याचा काल कमी करते काय, हे सांगता येईल. अमरावती-अकोल्यातील शे-दोनशे दवाखान्यांनी मिळून हे कार्य केल्यास ते आपल्या शास्त्राची मोठी सेवा ठरेल.

औषधी विक्रेत्यांसाठी

दुकानात येऊन ‘दोन दिसते, डोळ्यांत टाकायला काहीतरी द्या’ म्हणणाऱ्यास कोणताही थेंब देऊ नये. या विकारावर थेंबाचे औषध नाही. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधे शेड्यूल एच मधील आहेत. चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करू नये. लेबल नसलेल्या ‘वाताच्या पुड्या’ दुकानात ठेवू नयेत. विषतिंदुक वटीसारखे कुचलायुक्त कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावेत. तसेच पक्षाघात, अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू व मधुमेह या व्याधी १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात समाविष्ट आहेत. ते बरे करण्याची हमी देणारा फलक दुकानात लावणे हा गुन्हा आहे.

उपसंहार

द्विधादर्शन घेऊन आलेल्या रुग्णाबाबत चार प्रश्न स्वतःस विचारावेत. एक डोळा झाकल्यावर ते थांबते काय? बाहुल्या समान आहेत काय? श्वास, गिळणे व मान शाबूत आहे काय? नाक, गाल व टाळू स्वच्छ आहेत काय? या चारांपैकी एकाचेही उत्तर मनास खटकले तर रुग्णवाहिका आधी व चिकित्सा नंतर. चारही उत्तरे समाधानकारक असतील तर प्रमेहाकडे लक्ष द्यावे, नोंद ठेवावी, शास्त्रोक्त उपक्रम करावेत व दोन आठवड्यांनी रुग्णास पुन्हा बोलवावे. आपल्या भागात असा रुग्ण सर्वप्रथम वैद्याकडेच येतो. त्याच्या विश्वासास पात्र राहावयाचे तर निदानास पहिली पाच मिनिटे देणे हे आपले कर्तव्य आहे.